आठव्या रांगेतला बिंदू

"तेल नको," मोजणीदार म्हणाले. "तेलानं उजेड पसरतो. मला चकाकी एकाच जागी हवी आहे. कोरड्या फडक्यानं पूस."

"देवघरातला तांब्या पुसतेय असं वाटतंय मला," असे म्हणून त्यांच्या पत्नीने, स्वयंपाकघराच्या मधोमध स्टुलावर ताठ बसलेल्या नवऱ्याचे टक्कल मऊ फडक्याने आणखी एकदा गोल गोल पुसले. "वीस वर्षं संसार केला, पण या डोक्याचा कुणाला उपयोग होईल असं कधी मनात आलं नव्हतं हो."

मोजणीदार गप्प राहिले. बोलताना मान हलते, आणि मान न हलवता बसण्याचा सराव ते गेले चार महिने करीत होते. आज संध्याकाळी त्या सरावाची परीक्षा होती. किंबहुना परीक्षा त्यांच्या मुलीची होती, पण ती आपल्या मानेवर अवलंबून आहे याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मुलीला घरात आणि घराबाहेरही सगळे भिंगरीच म्हणत. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ती स्वतःभोवती फिरत असे आणि फिरता फिरता भिंतीवर आपटत असे. आपटणे थांबावे या एकाच हेतूने आईने तिला आठव्या वर्षी बॅलेच्या वर्गात घातले. तो वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरे. लांबच लांब खोली, एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर आडवा दांडा, आणि कोपऱ्यात राळेची पेटी. मुली आपल्या साटीनच्या जोड्यांची टोके त्या राळेत घासत, म्हणजे लाकडी जमिनीवर पाय घसरत नसे. संध्याकाळी खिडक्यांतून उतरती उन्हे येत, राळेची धूळ त्यांत तरंगत राही, आणि खाली छापखान्याची यंत्रे इतक्या एकसारख्या तालात चालत की पियानो वाजविणारे वृद्ध गृहस्थ अधूनमधून हात थांबवून डुलकी काढीत आणि कोणाच्या ते लक्षातही येत नसे.

वर्ग चालविणाऱ्या बाई बुटक्या, सडपातळ आणि मितभाषी होत्या. त्या कधी खोटे बोलत नसत. त्यामुळे त्यांच्या वर्गात रडण्याचे प्रमाण बरेच होते.

या वर्षीच्या वार्षिक प्रयोगाला एक पाहुणे येणार होते. एका मोठ्या नृत्यसंघाच्या शाळेसाठी ते एकच मुलगी निवडणार होते, आणि ती सोळा वर्षांच्या आतली हवी होती. भिंगरीला सोळा वर्षे पुढच्या महिन्यात पूर्ण होणार होती. म्हणजे तिच्यासाठी हे वर्ष पहिले आणि हेच शेवटचे. मुख्य नाच तिच्याकडे होता, आणि त्याच्या अखेरीस एका पायाच्या टोकावर, एकाच जागी, सलग बत्तीस गिरक्या होत्या. सहा गिरक्या ती अशा घेई की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. सातव्या गिरकीला मात्र तिच्याऐवजी खोली फिरू लागे, आणि भिंगरी वादळात सापडलेल्या खलाशासारखी तिरपी चालत दांड्याला जाऊन धडके.

"शरीर आधी वळतं, डोकं मागे थांबतं," बाई शंभराव्यांदा सांगत. "नजर एका बिंदूवर ठेवायची. अगदी नाइलाज झाला की मान झटकन फिरवायची आणि पुन्हा तोच बिंदू गाठायचा. बिंदू सुटला की तू पडलीस. कशाकडे बघतेस तू? खिळ्याकडे?"

"खिळा दिसत नाही, बाई."

"कॅलेंडर?"

"तारखा वाचल्या जातात."

"खिडकीची कडी?"

"तिथं कबुतर येऊन बसतं आणि माझ्याकडेच बघतं."

"मग या एवढ्या खोलीत तुला धड दिसतं तरी काय गं?"

भिंगरीने संकोचाने दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखविले. मुलीला न्यायला आलेले मोजणीदार तिथे भिंतीला टेकून झोपले होते. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड त्यांच्या टकलावर असा एकवटला होता की खोलीत दुसरे काही नजरेत भरूच नये. बाईंनी त्या दृश्याकडे बराच वेळ, एखादी नवी मुलगी पारखावी तसे, पाहिले.

"घे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी अकरा गिरक्या झाल्या. बाराव्या गिरकीला मोजणीदारांची मान छातीवर कलंडली आणि त्यासरशी भिंगरीही कलंडली. बाईंनी जाऊन त्यांना जागे केले. "उद्यापासून रोज इथंच बसा," त्या म्हणाल्या. "झोपायचं मात्र नाही. तुम्ही झोपलात की बिंदू खाली येतो."

मोजणीदारांच्या आयुष्यात हा क्षण साधा नव्हता. त्यांनी सारी उमेदीची वर्षे जमिनींची मोजणी करण्यात, आणि दोन शेजाऱ्यांच्या मध्ये उभे राहून दोघांच्याही शिव्या खाण्यात घालविली होती. मोजणीला आरंभ होतो तो एका खुणेच्या दगडापासून. दगड जागचा हलला तर पुढची सारी मापे, सारे नकाशे खोटे ठरतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? असे शेकडो दगड त्यांनी रोवले होते. परंतु आपणच कोणाचा तरी खुणेचा दगड व्हावे हे भाग्य त्यांना प्रथमच लाभत होते. कार्यालयात तर एकदा त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर, ते खुर्चीत असतानाच, कोणीतरी ओली छत्री अडकवून गेले होते.

तेव्हापासून ते घरीही सराव करू लागले. जेवणानंतर तासभर भिंतीसमोर बसत. श्वास पोटाने घेत, म्हणजे खांदे वर उचलले जात नाहीत. पापणी लवू द्यायची की नाही यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही असे ठरविले.

"अहो, दूध उतू गेलं!" पत्नी ओरडे.

"दिसतंय मला," ते ओठांच्या फटीतून म्हणत.

"मग उठायचं नाही का?"

"बिंदू उठत नसतो."

प्रयोगाच्या दिवशी ते मोजपट्टी घेऊन तीन तास आधीच नाट्यगृहात पोहोचले. रंगमंचाच्या मध्यावरून मुलीच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा काढली असता ती आठव्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर नेमकी उतरत होती, आणि बाईंकडून त्यांनी त्याच खुर्चीची प्रवेशिका मागून घेतली होती. राहता राहिला अंधाराचा प्रश्न. प्रयोग सुरू झाला की सभागृहातले दिवे जाणार. मग बिंदू दिसणार कसा? ते दिव्यांच्या खोलीत गेले.

"काका, लाइट कुणाच्या डोक्यावर टाकायचा म्हणालात?" दिवेवाल्याने विचारले.

"माझ्या."

"आणि प्रयोगात तुमचं काम काय?"

"बसणं."

दिवेवाल्याने आयुष्यात नानाविध कलावंत पाहिले होते. त्याने एक लहानसा दिवा त्या खुर्चीवर रोखला. "एवढंच लक्षात ठेवा," मोजणीदारांनी बजावले, "आभाळ कोसळलं तरी माझ्या डोक्यावरचा उजेड सुटता कामा नये." तो म्हणाला, "काळजीच सोडा." हा माणूस शब्दाला पक्का होता, ही गोष्ट पुढील अनर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बाईंना ही व्यवस्था सांगितली तेव्हा त्या एका मुलीच्या जोड्याची फीत शिवत होत्या. त्यांनी मान वर करून मोजणीदारांकडे पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि मग "करा," एवढेच म्हणून पुन्हा फितीत सुई घातली.

पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर पहाटेच्या आधीचा निळसर उजेड होता. आठ मुली अर्धवर्तुळात इतक्या निश्चल उभ्या होत्या की जणू धुक्याने त्यांना नुकतेच घडवून ठेवले असावे. पियानोचे एकेक स्वर लांबून पाण्यात पडल्यासारखे येत होते. मधून भिंगरी आली. ती चालत होती असे म्हणणे स्थूल ठरेल. जमीनच तिला पुढे पुढे देत होती. मोजणीदारांच्या पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मोजणीदारांनी मात्र यातले काहीच पाहिले नाही. त्यांनी श्वास पोटात नेला, मान ताठ केली, डोळे विस्फारले आणि ते दगड झाले.

त्यांच्या उजव्या हाताला एक डॉक्टर आणि त्यांची पत्नी बसली होती. थोड्या वेळाने त्या बाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"अहो, या गृहस्थांना काहीतरी होतंय."

"नाच बघतायत ते."

"नाच बघणारा माणूस पापणी तरी लववतो की नाही? मघापासून बघतेय मी. डोक्यावर बघा कसं घामानं चमकतंय."

डॉक्टर सुट्टी काढून नाच पाहायला आले होते. त्यांनी नाखुशीने वाकून पाहिले आणि त्यांची नाखुशी गेली.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"उत्तम," मोजणीदार ओठ न हलविता म्हणाले. आवाज दाराखालच्या फटीतून आल्यासारखा आला.

"जरा माझ्याकडे वळून बघता का?"

"शक्य नाही."

"हात वर करता येतो?"

"आत्ता नाही."

"आज वार कोणता?"

"नंतर सांगतो."

डॉक्टरांनी पत्नीकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले, आणि अत्यंत हळुवारपणे शेवटचा प्रश्न विचारला. "आपण कोण आहोत, हे कळतंय ना तुम्हाला?"

"मी बिंदू आहे," मोजणीदार म्हणाले.

पलीकडून त्यांच्या पत्नीने "अहो डॉक्टर, ते ठीक आहेत, ते असेच बसतात," असे सांगून पाहिले; पण नातेवाइकांचा अशा वेळी धीर सुटतो हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होते. त्यांनी बोटाने डोअरकीपरला बोलाविले. डोअरकीपर आडदांड आणि कर्तव्यदक्ष होता.

"आवाज न करता बाहेर काढायचंय," डॉक्टर म्हणाले. "काखेतून धरा. एक, दोन..."

रंगमंचावर गिरक्या सुरू झाल्या होत्या. चौथी, पाचवी. आणि पाचव्या गिरकीला मोजणीदारांना आपण खुर्चीपासून वर जात असल्याचे जाणवले.

ते लाथा झाडू शकले असते. परंतु लाथ झाडली की धड हलते, धड हलले की मान हलते. ओरडावे, तर मुलगी दचकेल. त्या क्षणी त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीने त्यांना एकच मार्ग सुचविला: स्थिर बिंदू हलवावाच लागला, तर तो एकाच पातळीत आणि एकाच वेगाने हलवावा. म्हणून ते मान तशीच ताठ ठेवून, डोळे रंगमंचावर रोखून, दोन माणसांच्या हातांवरून आठव्या रांगेतून डावीकडे तरंगत निघाले. आणि शब्दाला जागणाऱ्या दिवेवाल्याने त्यांच्या डोक्यावरचा उजेड तसूभरही ढळू दिला नाही.

भिंगरीचा चेहरा आठव्या गिरकीला किंचित डावीकडे आला. नवव्या गिरकीला आणखी थोडा. मागच्या आठ मुलींना बाईंची ताकीद होती: भिंगरीचा चेहरा जिकडे, तिकडेच तुमचा. त्या वळल्या. पियानोवाले काका मुलीच्या खांद्यावर नजर ठेवून वाजवीत असत. तेही स्टुलासकट वळले. दहा, अकरा, बारा. अंधारात एक लहानसा चंद्र सभागृहाच्या कडेकडे सरकत होता, आणि निळ्या उजेडात नऊ मुली, सूर्यफुले वळावीत तशा, त्याच्यामागे वळत होत्या. बाल्कनीत कोणी खोकलेसुद्धा नाही.

सोळाव्या गिरकीला डोअरकीपरने कोपराने बाजूचे दार ढकलले. बाहेरच्या बोळातला पांढरा उजेड आत पडला, आणि मोजणीदारांना समोरचा सारा रंगमंच प्रथमच नीट दिसला. नऊ चेहरे थेट त्यांच्याकडे पाहत होते. ते दाराबाहेर गेले की बिंदू जाणार. बिंदू गेला की सतरावी गिरकी गेली. सोळा वर्षे पुढच्या महिन्यात पूर्ण होणार होती.

"खाली ठेवा मला," ते म्हणाले.

"पडून राहा, काका. घाबरू नका."

"मी शासकीय मोजणीदार आहे," ते म्हणाले, आणि हे वाक्य उभ्या आयुष्यात त्यांनी अशा आवाजात उच्चारले नव्हते. "खाली ठेवा. जागा सोडू नका."

डोअरकीपरचे हात आपोआप सुटले. डॉक्टरांनी मनगट धरून ठेवले होते. "नाडी तर ठीक आहे!" ते चकित होऊन पुटपुटले.

मोजणीदार परत निघाले. तोंड रंगमंचाकडे, मान ताठ, आणि पावले आडवी, खेकड्यासारखी. आले होते त्याच वेगाने ते आठव्या रांगेतल्या गुडघ्यांवरून, पायांवरून, एका पर्सवरून सरकत गेले. "माफ करा," ओठ न हलविता. "माफ करा." वीस. तेवीस. चंद्र माघारी येत होता आणि त्याच्याबरोबर सारा नाच, भरतीचे पाणी वळावे तसा, हळूहळू मध्यावर येत होता. तिसाव्या गिरकीला ते खुर्चीत बसले. बत्तिसाव्या गिरकीला भिंगरी थांबली ती अगदी समोर तोंड करून, एका पायाच्या टोकावर, स्वप्नातून उठलेला माणूस क्षणभर थांबतो तशी.

मग सभागृह टाळ्यांनी दणाणले.

प्रयोग संपताच पाहुणे घाईघाईने रंगमंचावर आले. ते उंच, कृश आणि भारावलेले होते. "चाळीस वर्षं मी या गिरक्या बघतोय," ते बाईंना म्हणाले. "सगळ्या समोर तोंड करून. पण नाचाची दिशाच फिरवायची, आणि परत आणायची! ही कल्पना कुणाची?"

बाई खोटे बोलू शकत नव्हत्या. "हिच्या वडिलांची," त्या म्हणाल्या.

"ते नृत्यरचना करतात?"

"मोजणी खात्यात आहेत."

"भूमिती!" पाहुणे स्वतःशीच म्हणाले. "तरीच." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पण रचना वेगळी आणि मुलगी वेगळी. मला मुलगी बघायचीय. बत्तीस गिरक्या, पुन्हा एकदा. रिकामं सभागृह, सगळे बाहेर."

"मी बसतो," मोजणीदार पुढे सरसावले. "मी काही बोलत नाही. मी नुसता..."

"सगळे म्हणजे सगळे."

"साहेब, आमच्या मुलीचं तंत्र जरा वेगळं आहे. तिला..."

"बाबा," भिंगरी म्हणाली, "जा तुम्ही."

बाहेरच्या बोळात एक लांब बाक होता. त्यावर मोजणीदार, त्यांची पत्नी, डॉक्टर आणि डोअरकीपर असे चौघे ओळीने बसले. दार बंद झाले.

"राग मानू नका हो," डॉक्टर म्हणाले. "लक्षणं सगळी पटत होती." त्यांनी अपराधीपणाने पुन्हा मनगट हातात घेतले. "आता मात्र नाडी फारच जोरात आहे."

"सहापर्यंत ठीक असतं," मोजणीदार बंद दाराकडे पाहत म्हणाले. "सातव्याला खोली फिरते. मी नसलो की सातव्याला..."

"पाणी आणू का, काका?" डोअरकीपरने विचारले.

"गप्प बसा. वाजायला लागलं."

दाराआडून पियानो ऐकू येऊ लागला, आणि प्रत्येक गिरकीबरोबर जोड्याच्या टोकाचा जमिनीवर होणारा बारीकसा आवाज. मोजणीदारांनी श्वास पोटात नेला. मान ताठ केली. डोळे बंद दाराच्या फळीवर रोखले आणि ते हलेनासे झाले. डॉक्टर काही बोलणार होते. मोजणीदारांच्या पत्नीने त्यांना हातानेच थांबविले, आणि नवऱ्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. पाच. सहा. सात. दारापलीकडे कोणी पडले नाही. आठ. डोअरकीपर बोटांवर मोजू लागला. बोटे संपल्यावर त्याने डॉक्टरांची घेतली. बोळातल्या खिडकीतून संध्याकाळ आत येत होती आणि त्या चौघांच्या पायांशी थांबत होती. एकोणतीस. तीस. एकतीस.

बत्तीस झाल्या. मग काहीच ऐकू आले नाही. आणि हे काहीच ऐकू न येणे बत्तीस गिरक्यांहूनही लांबले.

दार उघडून भिंगरी बाहेर आली तेव्हा ती अनवाणी होती आणि जोडे तिच्या हातात लोंबत होते.

"घेतलं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून."

आई रडू लागली. डोअरकीपरने डॉक्टरांना मिठी मारली. मोजणीदार जागचे उठले नाहीत.

"कशाकडे बघितलंस?" त्यांनी विचारले.

"कशाकडेच नाही. नुसतं समोर."

"आणि सातवी गिरकी?"

भिंगरी त्यांच्या शेजारी बसली आणि जोड्यांच्या फिती एकमेकींत गुंडाळू लागली. "सातवी तुमच्याकडे न बघताही केव्हाच जमायला लागली, बाबा. दोन महिने झाले."

मोजणीदारांनी मनात हिशेब केला. दोन महिने, म्हणजे पन्नासेक संध्याकाळी ताठ मानेने, पापणी न लववता. "मग आज माझ्यामागे का वळत गेलीस?"

"म्हणजे काय? दोन माणसं तुम्हाला उचलून नेत होती! मी बघू नको कुठं नेतायत ते?"

मोजणीदारांनी बोळाच्या दोन्ही टोकांना पाहून घेतले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, बाईंना यातलं काही कळू देऊ नकोस. बिंदूची पद्धत त्यांची. त्यांना वाईट वाटेल."

भिंगरीने आईकडे पाहिले. आई एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी पाहू लागली.

"बाबा, तुम्हाला सांगू नकोस असं बाईच म्हणाल्या होत्या."

"बाई? का?"

"म्हणाल्या, बसू दे त्यांना. एवढं मन लावून काम करणारं माझ्या वर्गात दुसरं कुणी नाही."

मोजणीदारांनी थोडा विचार केला, आणि मुलीला ते वाक्य पुन्हा एकदा, बाईंच्या आवाजात, म्हणून दाखवायला लावले.